हंसाबाईंची कहाणी कुणाच्या तोंडून? साताऱ्यातल्या एका अभिवाचनाचं प्रकरण

साताऱ्यात ‘बुगडी माझी सांडली गं, जाता साताऱ्याला’ ठाऊक नाही असा माणूस सापडणं कठीण. वरातीत वाजतं, गणपतीत वाजतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवी-सहावीच्या मुली त्यावर नाचतात. आवाज आशा भोसले यांचा, शब्द गदिमांचे, चाल वसंत पवार यांची, पडद्यावर जयश्री गडकर, इथपर्यंत बरेच जण सांगतात. पण हे गाणं ज्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटातलं, त्याची मुख्य नटी कोण, असं आमच्या वाचक मंडळात विचारलं तेव्हा दोघी-तिघींनीच हंसा वाडकर हे नाव घेतलं. दिग्दर्शक अनंत माने यांचा हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद थिएटरमध्ये १३१ आठवडे चालला. हंसाबाईंनी पुढं आपलं आत्मकथन सांगितलं, तेव्हा त्यालाही याच चित्रपटाचं नाव दिलं.

२०२३ च्या जानेवारीत त्यांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती. आमचं मंडळ लहान, सगळ्या बायकाच. शिक्षिका, निवृत्त नर्स, अंगणवाडी सेविका, दोघी दुकान चालवणाऱ्या, पतसंस्थेत नोकरी करणारी एक तरुण सून, बाकीच्या घर बघणाऱ्या. दर पंधरवड्याला राजवाड्याजवळ एका माडीवर जमायचं आणि पुस्तक वाचायचं, एवढाच शिरस्ता. शताब्दीनिमित्त हंसाबाईंच्या आत्मकथनाचं जाहीर अभिवाचन करावं असं ठरलं. संहिता करायचं काम माझ्याकडं आलं. वाचणार एकटीच, साथीला पेटी-तबला, वेळ दीड तास. या सरळ आराखड्याचं पुढं काय होत गेलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण नटीचं आयुष्य चारचौघांपुढं मांडताना जे जे आडवं येतं त्यातलं बहुतेक सगळं आमच्या वाट्याला आलं. आणि हंसाबाईंबद्दल जे बोललं जातं त्यात त्यांचं काम फार मागं राहतं, ही माझी जुनी खंत आहे.

आधी त्यांच्याविषयी

जन्म २४ जानेवारी १९२३. खरं नाव रतन साळगावकर. घराणं कलावंतिणींचं, म्हणजे गाणं रक्तात आणि प्रतिष्ठेचा प्रश्न दारात. घरात पैशाची तंगी होती, म्हणून पोर कामाला लावली. ‘विजयाची लग्ने’ आला १९३६ साली, तेव्हा ती तेरा वर्षांची. त्यानंतर बॉम्बे टॉकीज. मग पुण्याला प्रभात फिल्म कंपनी, तिथं १९४१ चा ‘संत सखू’. मग शांतारामबापूंच्या राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), ज्यात जयराम शिलेदार रामजोशी होते आणि हंसाबाई ‘बया’ नावाची लावणी गाणारी-नाचणारी बाई. मराठीत तमाशापटांची वाट या चित्रपटानं रुंद केली, आणि त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा, ‘सांगत्ये ऐका’, पुन्हा हंसाबाईंचाच.

आत्मकथनाचं शब्दांकन पत्रकार अरुण साधू यांनी केलं. ते ‘माणूस’ साप्ताहिकात आलं, १९७० साली पुस्तक झालं. पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९७१ ला, हंसाबाई गेल्या. वय अठ्ठेचाळीस. सहा वर्षांनी श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनावर आधारित ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला, आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज बहुतेकांना हंसाबाई ‘भूमिका’मुळे ठाऊक असतात, म्हणजे एका मोठ्या नटीच्या आडून दुसरी मोठी नटी. यात स्मिताबाईंचा काहीच दोष नाही. विशी ओलांडून जेमतेम वर्षभर झालेल्या मुलीनं एका बाईचं अख्खं आयुष्य पेललं, अल्लड पोरीपासून थकलेल्या बाईपर्यंत. पण तिथं नायिकेचं नाव उषा आहे, कथा मोकळेपणानं बदललेली आहे. ती स्वतंत्र कलाकृती म्हणूनच बघावी.

अडचण उभी राहिली ती अशी

वाचायला आम्ही मंडळातली सगळ्यात धाकटी निवडली. माहेर कऱ्हाडचं, लग्न होऊन साताऱ्यात आलेली, कॉलेजात असताना राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेली. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि कागदावरचं वाक्य बोलल्यासारखं म्हणायची हातोटी. दुसरं नाव चर्चेलाच आलं नाही.

तालमी सुरू झाल्या. ती रात्री घरी मोठ्यानं वाचून सराव करायची. दारू प्यायल्याचा, घर सोडून निघून गेल्याचा भाग ती वाचत असताना शेजारच्या खोलीत सासरे जागे होते. एसटीत नोकरी करून निवृत्त झालेले, शब्दाला जागणारे, सुनेच्या नोकरीला त्यांनीच पहिल्यांदा होकार दिलेला. सकाळी ते तिला म्हणाले, “पुस्तकातलं हाय ते मला कळतं. पण तुझ्या तोंडून निघणार. मी दारू प्याले, मी नवरा सोडला. समोर आपलीच माणसं बसल्याली. उद्या पोवई नाक्यावर मला कुणी काय म्हणालं तर मी काय सांगू?”

ती आमच्याकडं आली तेव्हा रडत नव्हती, चिडलेली होती. मला मात्र सासऱ्यांच्या बोलण्यात नुसती आडकाठी दिसली नाही. नटीनं जे म्हटलं ते नटीचंच, असं प्रेक्षक धरून चालतात, आणि ही गोष्ट त्यांनी अचूक हेरली होती. हंसाबाईंच्या आयुष्यातला अर्धा छळ याच समजुतीतून आला. लावणीवर नाचणारी बाई घरीही तशीच असणार, हे गावानं धरलं, शेजाऱ्यानं धरलं, नवऱ्यानं धरलं.

इकडं मंडळात दुसरीच कुरबुर. थोरल्या काकूंचं म्हणणं, शताब्दी आहे तर शोभेल असं करू. सखू घ्या, रामजोशी घ्या, चार गाणी घ्या, दारूचं आणि पुस्तकात आलेल्या अत्याचाराचं कशाला? मेलेल्या बाईची अब्रू आपण का उघडी करायची? याच्या बरोबर उलट दुकानवाल्या वहिनी म्हणत होत्या की चित्रपटांची यादी ऐकायला कोण येतंय, लोक येतील ते तिच्या आयुष्यासाठी, तेच वाचा. दोघींच्या बोलण्यात तळमळ होती. आणि दोघींच्याही योजनेत हंसाबाईंचं काम वगळलेलंच होतं. एकीकडं ते हार घातलेल्या फोटोसारखं कडेला, दुसरीकडं नुसतं गैरहजर. पंचवीसेक वर्षं कॅमेऱ्यापुढं उभी राहिलेली बाई नेमकं काय करत होती, हे विचारायला कुणी तयार नव्हतं.

इथं एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहिली नाही. पठ्ठे बापूराव आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. कुलकर्णीपण बाजूला ठेवून तमाशात गेले, त्याची कथा आमच्या भागात अभिमानानं सांगतात. कलेसाठी घरदार सोडलं म्हणतात. बाई घर सोडते तेव्हा तीच माणसं आवाज खाली आणून बोलतात.

सखू

तालमी थांबवून आम्ही सगळ्यांनी मिळून ‘संत सखू’ बघायचं ठरवलं. सुचवलं धाकटीनंच. सखू तिच्या माहेरची. कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळ कऱ्हाडात सखूचं देऊळ आहे, लहानपणापासून तिचं तिथं जाणं-येणं.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेली. सासरच्या जाचात पिचलेली सखू पाण्याला गेली असताना पंढरीची दिंडी बघते आणि तिच्याबरोबर जायला निघते. घरचे तिला खांबाला बांधून घालतात. विठ्ठल सखूचं रूप घेऊन तिच्या जागी उभा राहतो, घरातली कामं करतो, आणि खरी सखू पंढरपूरला पोचते. ही कथा घरोघर गेलेली. प्रभातनं ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) यांच्यानंतर ती घेतली. दिग्दर्शन दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचं. सासू झाल्या गौरीबाई, ‘संत तुकाराम’मधली ती अजोड आवली. सखू झाल्या हंसाबाई, वय अठरा.

या कथेत नटीसाठी एक विलक्षण पेच आहे आणि तो आम्हांला एकत्र बघतानाच कळला. तिला दोन सखू उभ्या करायच्या असतात. एक माणूस, एक देव. कपडे तेच, तोंड तेच, घर तेच. प्रेक्षकाला मात्र क्षणभर बघून कळलं पाहिजे की ही ती सखू नव्हे. इथं अलंकार नाहीत, चमत्काराचा प्रकाश तरी किती वापरणार? शेवटी सगळं येऊन पडतं ते नटीच्या अंगावर: मान कशी धरते, हाक आल्यावर दचकते का, ओझं उचलताना श्वास कसा घेते. पिचलेल्या सुनेचं शरीर आणि कशालाच न भिणाऱ्या कुणाचं तरी शरीर, एकाच लुगड्यात. अठराव्या वर्षी हे ज्या मुलीकडं सोपवलं गेलं, तिच्या अंगात काय कसब असेल! आणि तीच मुलगी सहा वर्षांनी बया म्हणून फडावर उभी राहते आणि लोक म्हणतात, हीच खरी तमासगिरीण.

चित्रपट संपल्यावर नर्सबाई म्हणाल्या, “देव आला म्हणून ही गेली. घरात कुणीतरी तिच्या जागी राबायला पाहिजेच ना.” त्यावर अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या की मी प्रशिक्षणाला जाते तेव्हा माझ्या आईला गावाहून बोलावून घेते. मग तालमीला येताना कोण काय व्यवस्था लावून येतं यावरच बराच वेळ बोलणं झालं. कुणी भाजी चिरून ठेवते, कुणी नणंदेला फोन करते. धाकटीचं लेकरू सासूबाई सांभाळत होत्या, आणि सासऱ्यांनी तोंडानं विरोध केला तरी सासूबाईंनी लेकराला घ्यायचं एक दिवसही टाळलं नव्हतं.

मला वाटतं, प्रकरण वळलं ते इथंच. तोवर आम्ही हंसाबाईंना ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ यांत तोलत होतो. आता त्यांना आमच्यासारखीच, कामाला जाणारी बाई म्हणून बघायला लागलो.

पगार कुणाच्या हातात

मी संहिता नव्यानं बांधायला घेतली. माडीच्या भिंतीवर खाकी कागद लावला आणि त्यावर वर्षं लिहिली. १९३६, वय तेरा. १९४१, वय अठरा. १९४७, चोवीस. १९५९, छत्तीस. १९७०, सत्तेचाळीस. प्रत्येक वर्षासमोर डावीकडं पडद्यावरचं काम, उजवीकडं त्या सुमाराला आयुष्यात काय चाललं होतं, पुस्तकात सापडेल तेवढंच. उजवी बाजू भरत गेली तसा एक धागा सारखा वर येऊ लागला, तो पैशाचा.

पोर सिनेमात गेली ती घर चालावं म्हणून. लग्न झाल्यावर तिची इच्छा सिनेमा सोडून चारचौघींसारखा संसार करायची होती. ते झालं नाही. घर तिच्या कमाईवर उभं होतं, त्यामुळं काम सुटेना. आणि काम करते म्हणून नवऱ्याचा संशयही सुटेना. काम कुठलं घ्यायचं, पैसे किती ठरवायचे, हे व्यवहार नवरा बघणार. तिनं कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं, घरी येऊन जाब द्यायचा. पुस्तकात दारू येते ती या सगळ्याच्या मधे येते. नुसता दारूचा उतारा उचलून वाचला तर एक बिघडलेली बाई ऐकू येते. आधीचा व्यवहार वाचून मग तो उतारा वाचला तर एका घरानं माणसाला कसं पिळून घेतलं ते ऐकू येतं. उतारा तोच.

हे वाचून दाखवलं त्या संध्याकाळी अंगणवाडीच्या ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मानधन माझ्या नावावर येतं. पासबुक आणि एटीएम मालकांकडं.” दुकानवाल्या वहिनींनी सांगितलं की दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर, पण मालाच्या उधारीचे आकडे त्यांना दुसऱ्याकडून कळतात. धाकटीच्या पगारातून घराचा हप्ता जात होता. यात कुणी कुणाचा गुन्हा सांगत नव्हतं. बऱ्याच घरी माणसं प्रेमाचीच आहेत. पण हंसाबाई आता सिनेमातल्या कुणी दूरच्या बाई राहिल्या नाहीत.

थोरल्या काकूंचा विरोध या दिवशी संपला. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. पुढच्या तालमीला त्या खाकी कागदावर स्वतःच्या हातानं एक वर्ष घालून आल्या: १९५०, ‘पुढचं पाऊल’.

एकीच्या जागी पाचजणी

सासऱ्यांचा प्रश्न अजून तसाच होता. उपाय नर्सबाईंनी काढला. एकटी वाचते म्हणून लोक तिच्याकडं बोट दाखवतील. पाचजणींनी वाचलं तर कुणाकडं दाखवणार? लहान वयाचा भाग धाकटीनं वाचायचा, पुढचा तिच्याहून थोरलीनं, असं करत शेवटचा भाग सत्तरीच्या काकूंनी. वाचणारी बदलताना आधीच्या वाचणारीनं हातातलं पुस्तक पुढचीला द्यायचं. नऊवारी नाही, मेकअप नाही. मंडळात जशा येतो तशाच.

धाकटीला हे पटलं नाही. तिनं जे मांडलं ते मला आजही महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, “त्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांची सोंगं घेतली, आणि लोक काय म्हणतील याचा मार खाऊन घेतली. आपण तिचं एक सोंग घ्यायला घाबरतो. मग तिची शताब्दी कशाला करतो?”

कलेच्या बाजूनं बघितलं तर ती बरोबर होती. एकाच आवाजात ऐकताना माणूस बदलत जाताना ऐकू येतं. पाच आवाजांत ते तुटतं. ‘भूमिका’ बांधून ठेवते ती एकाच चेहऱ्यामुळं. हे नुकसान आम्हांला दिसत होतं. तरीही पाचजणींचा पर्याय घेतला, कारण दुसऱ्या बाजूला एक प्रत्यक्ष घर होतं, आणि त्या घरात धाकटीला पुढची कित्येक वर्षं राहायचं होतं. ती चिडली, दोन तालमी चुकवल्या, आणि परत आली. परत आल्यावर तिनं एक अट घातली. दारूचा उतारा तिच्या वाट्याला येणाऱ्या वयातला नव्हता, तरी तो तीच वाचणार. सासऱ्यांशी ती स्वतः बोलणार. काय बोलली ते तिनं आम्हांला सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

राहिला तो सगळ्यात अवघड उतारा. हंसाबाई एका माणसाबरोबर मराठवाड्यातल्या खेड्यात गेल्या आणि तिथं अडकल्या. बाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. नवऱ्याला कळवून, पोलिसांच्या मदतीनं सुटका झाली, आणि त्या सुटकेच्या वाटेवरच एका अधिकाऱ्यानं त्यांच्यावर अत्याचार केला. हे त्यांनी १९७० साली स्वतःच्या नावानं छापू दिलं. त्या काळी किती मराठी बायकांना हे जमलं असतं? मंडळात यावर मतदान घ्यायची वेळ आली होती, पण नर्सबाई म्हणाल्या, “मी वाचते. अशा पोरी मी ड्युटीवर बघितल्यात. आवाज न चढवता वाचायचं असतं.” त्यांच्या दोन अटी होत्या. तेवढा वेळ पेटी-तबला बंद, आणि सभागृहातले दिवे चालू. लोकांनी एकमेकांची तोंडं बघावीत, असं त्यांचं म्हणणं.

कार्यक्रमाआधी, असा उतारा येणार आहे, कुणाला उठून जायचं असेल तर खुशाल जावं, हे सांगायचं ठरलं. हे सांगणं गरजेचं आहे असं माझं ठाम मत झालं आहे. ऐकणाऱ्यांत कोण काय सोसून बसलेलं असतं ते आपल्याला ठाऊक नसतं.

परवानगीचंही लिहून ठेवते, कारण अनेक मंडळं इकडं कानाडोळा करतात. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकावर हक्क असतो. हंसाबाई १९७१ साली गेल्या, शब्दांकन करणारे साधू २०१७ साली. पुस्तक अजून हक्काखाली आहे. फुकट कार्यक्रम असला तरी विचारावं लागतं, आणि उतारे कापले तर कुठं कापले तेही कळवावं.

प्रयोग

२४ जानेवारी हुकली. फेब्रुवारीत एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. शाहू कला मंदिर या नाट्यगृहाचं भाडं आणि भव्यपणा दोन्ही आम्हांला झेपणारं नव्हतं. बायका जास्त, पुरुष मागच्या रांगांत. धाकटीचे सासरे आले, दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

तबलजींची फार इच्छा होती की सुरुवात बुगडीनं करावी. मी ते ऐकलं नाही. लोकांना जे आधीच ठाऊक आहे त्यानं सुरुवात केली की पुढचं सगळं त्याच सुरात ऐकलं जातं. गाणं १९५९ सालच्या जागी आलं, नुसतं पेटीवर, आणि त्याआधी सांगितलं की या चित्रपटात पुढं येऊ घातलेल्या जयश्री गडकर नाचत होत्या आणि चित्रपटाचा भार छत्तिशीतल्या हंसाबाईंच्या खांद्यावर होता. तमाशापटाच्या नटीला छत्तिसावं वर्ष म्हणजे काय असतं, हे त्या हॉलमधल्या बायकांना वेगळं सांगावं लागलं नाही.

सखूचा भाग सगळ्यात चांगला झाला. धाकटीनं दोन सखूंचा पेच आपल्या शब्दांत समजावून दिला आणि मग कुठलंही नाट्य न करता एकच वाक्य दोन तऱ्हांनी म्हणून दाखवलं, एकदा भ्यालेल्या सुनेसारखं आणि एकदा न भिणाऱ्या कुणासारखं. हॉलमध्ये ‘अरे!’ असा आवाज उठला. मी आत्मकथनांची बरीच अभिवाचनं ऐकली आहेत. नटीचं कसब ऐकणाऱ्यांना हाताला लागेल इतकं जवळ आलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

नर्सबाईंच्या वेळी दोघी उठून बाहेर गेल्या. बाकी कुणी हललं नाही. त्यांनी मान वर न करता वाचलं आणि पुस्तक पुढच्या हातात दिलं.

प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं, इतकं सोसून शेवटी त्यांना मिळालं काय? उत्तर थोरल्या काकूंनी दिलं. म्हणाल्या, “अठराव्या वर्षी सखू मिळाली. चोविसाव्या वर्षी बया मिळाली. ती दुसऱ्या कुणाला मिळाली नाही.” दुसरे एक आजोबा उठले. कोरेगावकडच्या खेड्यात जत्रेच्या तंबूत त्यांनी ‘सांगत्ये ऐका’ बघितला होता, बैलगाडी जुंपून भावंडं मिळून गेलेली. “नाच त्या दुसऱ्या पोरीचा,” ते म्हणाले, “पण गाव गप्प केलं ते हंसाबाईनं.”

सासरे शेवटपर्यंत बसले. जाताना मला एवढंच म्हणाले, “तुम्ही आधी पैशाचं वाचलं ते बरं केलं.” धाकटीनं दारूचा उतारा वाचलेला त्यांनी ऐकला होता. त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि तिच्या पुढच्या तालमींना आडकाठी झाली नाही.

नंतर

एका गावातून बोलावणं आलं, पण नर्सबाईंचा उतारा वगळा म्हणून. आम्ही गेलो नाही. वाईजवळच्या एका बचत गटानं जसं आहे तसं मागितलं, तिथं गेलो. तिथं ऐकणाऱ्या बायकांनी सखूपेक्षा जास्त प्रश्न विचारले ते करारांबद्दल: तेव्हा नटीला महिन्याला पगार असायचा का, सही कोण करायचं. प्रभातसारख्या संस्थेत नट-नट्या पगारी नोकर असत, स्टुडिओत रोज हजेरी लागे, आणि पुढं जसजशा या संस्था मोडल्या तसं प्रत्येक चित्रपटाचं वेगळं ठरवणं आलं, एवढं मी सांगितलं. त्या बदलात, व्यवहार ज्याच्या हातात त्याचं वजन वाढलं, हे त्यांनीच ओळखलं.

एकाच आवाजाचा प्रश्न मिटलेला नाही. धाकटी यंदा हीच संहिता एकटीनं करून बघते आहे, सध्या माडीवर, आमच्यापुरती. पाच आवाजांत जे तुटत होतं ते जोडलं जातंय हे ऐकताना कळतं. जाहीर प्रयोग कधी करायचा ते ती ठरवेल.

हिशेबाचं एक राहिलं. साताऱ्याच्या प्रयोगानंतर तबलजी आणि पेटीवाल्यांना पाकिटं दिली गेली. वाचणाऱ्या पाचजणींना नारळ आणि गुलाबाचं फूल. धाकटीनं पुढच्या बैठकीत वही उघडून हे दाखवलं आणि विचारलं की त्यांचं काम आणि आमची हौस, असं का? बरीच चर्चा झाली. आपल्याच मंडळाकडून पैसे घ्यायचे म्हणून दोघी संकोचल्या. नर्सबाई म्हणाल्या, संकोच वाटत असेल तर घेऊन परत देणगी द्या, पण आधी घ्या. वाईच्या प्रयोगापासून मानधन ठरलं आहे, रक्कम लहान, पाचही जणींना सारखी, साथीदारांइतकीच. ते ज्या त्या बाईच्या हातात द्यायचं आणि वहीत तिचीच सही घ्यायची.